ठेकेदाराचा उन्हाळा

होळी झाली की अकोल्यात एक वास सुटतो. कूलरच्या गवताचा. वर्षभर गच्चीवर धूळ खात पडलेले कूलर लोक खाली आणतात, त्यांच्या कुशीतलं काळं पडलेलं गवत उपसून रस्त्याकडेला टाकतात, नवं भरतात, आणि त्या नव्या गवतावर पहिलं पाणी पडलं की ओल्या लाकडासारखा, थोडा गोड, थोडा कुबट वास गल्लीभर फिरतो. इथल्या माणसाला तो वास आला की हायसं वाटतं. चला, यंदाचीही सोय झाली. माझं उलट होतं. मी गॅसचं बटण परत एकदा बघते, मुलीला फोन करून उगाच विचारते, पोचलीस का, आणि मग हात पुसत दिवाणखान्यात जाऊन ठेकेदाराकडे बघून येते.

ठेकेदार हा मासा आहे. समुद्रातला, जेवणाच्या ताटाएवढा. निळ्या अंगावर पिवळे पट्टे, कोणी पट्टी लावून आखल्यासारखे, आणि डोळ्यांवरून एक काळी चिंधी बांधल्यासारखी, तोंड लपवून आलेल्या माणसाची असते तशी. रफीकभाईंच्या दिवाणखान्यात भिंतभर काचेची टाकी आहे, तिच्यात तो एकटा राहतो. मी त्या घरी स्वयंपाक करते आणि त्याचंही मीच बघते. अमरावतीच्या ज्या दुकानातून तो आणला, तिथला दुकानदार टाकी बसवायला आला तेव्हा म्हणाला होता, ह्याला एंजल म्हणतात, म्हणजे फरिश्ता. भाई जोरात हसले होते. "फरिश्ता? हा? हा त ठेकेदार हाय. पाहा न कसा फिरून रायला. हे ठोकून पाहाते, ते ठोकून पाहाते."

भाईंच्या बायको, नसीमआपा, दारात उभ्या होत्या. त्या हसल्या नाहीत. "फरिश्ता घरी आनला म्हन्ता," त्या म्हणाल्या. "कोनता आनला, ते इचारलं का? जीव न्यायले येते तोबी फरिश्ताच असते."

तो खरंच ठोकतो. हे मोठे मासे आवाज काढतात हे मलाही माहीत नव्हतं. पाण्यातून, काचेतून, भिंतीतून येतो तो आवाज. ठक्. जरा थांबून परत, ठक्. पत्र्याच्या डब्यात कोणी आतून बोटाने वाजवावं तसा. घरात नवीन माणूस आला असेल तर तो दार उघडायला उठतो. दुपारी, सगळी गल्ली दारं लोटून पडलेली असते, रस्त्यावर डांबर मऊ होतं, कुत्रीसुद्धा गटाराच्या ओलाव्यात पोट टेकून असतात, तेव्हा तो आवाज आला की मी पोळी लाटताना थांबते. एवढ्या उन्हात कोण आलं, असं अजूनही वाटतं.

मी कोकणातली. तेवढ्यावरच ह्या माशाचं काम माझ्या गळ्यात पडलं. लांज्याच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या घडीत आमचं गाव. शाळा ओढ्यापलीकडे, ओढा पावसाळ्यात उतरू द्यायचा नाही, आठवीच्या पावसाळ्यात आई आजारी पडली आणि मी परत ओढा ओलांडलाच नाही. लग्न होऊन नवऱ्यामागे इथे आले, तो डाळमिलमध्ये. भाईंचं कूलर बनवायचं वर्कशॉप आहे, त्याच्या मागच्या खोलीत त्यांनी आम्हाला ठेवलं. माझी मुलगी शिकते ती आपांनी हाताला धरून नेऊन नाव घातलं म्हणून. हे मी रोज आठवते. आठवायचं म्हणून नाही. विसरले तर काहीतरी होईल अशी भीती वाटते.

टाकी बसवली त्या दिवशी भाईंनी मला हाक मारली होती.

"सुलभाताई, तुमी कोकनातल्या ना वो? मंग झालं. माशाचं तुमीच पाहा."

"भाई, आमच्या गावातनं समुद्र दिसतसुद्धा नाही. आमचा डोंगर."

"पर समुद्राची हवा त येत असन?"

"वारा येतो तिकडनं."

"मंग बास! आमच्याइकडे वाराबी तिकून येत नाई. तुमीच जानकार."

हे हसण्यावारी गेलं आणि पक्कंही झालं. मी दुकानदाराला फोन करून करून शिकले. मिठाची पुडी कशी कालवायची, ती काचेची नळी तरंगवून खारटपणा कसा बघायचा, नळी जितकी वर तितकं पाणी खारट, काच कशाने घासायची. मासा नाजूक जिवाचा आहे, मोठा होणारा आहे, त्याला घाण सोसत नाही, बदल सोसत नाही, असं दुकानदार प्रत्येक फोनला सांगायचा. मी प्रत्येक फोननंतर घाबरायची.

भाईंनी मासा का आणला, ते मला मागाहून कळलं. ते डायलिसिसवर होते. आठवड्यातनं ठरलेल्या दिवशी दवाखान्यात जायचे, सुकलेल्या ओठांनी परत यायचे, आणि मग पाणी मोजून. डॉक्टरांनी सांगितलं होतं, एवढंच. अकोल्याच्या मे महिन्यात एवढंच. फार तहान लागली तर आपा बर्फाचा एक खडा द्यायच्या. तो गालात धरून भाई टाकीसमोरच्या दिवाणावर बसायचे आणि बघत राहायचे. भिंतभर पाणी. निळं, हलणारं, थंड. त्यातला थेंब कोणालाच पिता येणार नाही असं पाणी. एकदा दुकानदार टाकीची मशीन बघायला आला होता, तो सहज बोलून गेला की समुद्रातला मासा सारखा पाणी पितो, कारण खारं पाणी त्याच्या अंगातलं पाणी ओढत असतं. भाईंनी गालातला बर्फ ह्या बाजूचा त्या बाजूला केला. "म्हंजे हाबी तहानलेलाच हाय म्हना," ते म्हणाले. "मंग आमचं जमते."

तेव्हापासून ते म्हणायला लागले, हा हाय तवर मी हाय. आधी चेष्टेत. मग चेष्टा कुठे संपली ते कोणालाच कळलं नाही. दवाखान्यातून आले की चप्पल काढायच्या आधी विचारायचे, "ठेकेदारानं खाल्लं का?" खाल्लं म्हटलं की चेहरा सैल पडायचा.

आपांचं वेगळं होतं. एकदा भाजी निवडताना त्यांनी मला सांगितलं. "माया अम्मीच्या घरी, अमरावतीले, लाल मासोया होत्या. हंडीत. एखादी मेली का अम्मी म्हने, चला, बला गेली. घरच्या मानसावर येनारी तिनं आपल्यावर घेतली. मंग अम्मी खीर करे, मोहल्ल्यात वाटे." त्यांनी पालकाची जुडी उलटीपालटी केली. "उगाच नाई ठेवत लोक घरात मासे."

मी पालक धुवायला घेतला. पण त्या दिवसापासून मला ते दिसायला लागलं. संध्याकाळी दोघं दिवाणखान्यात असायची. भाई दिवाणावर, आपा खुर्चीवर, टाकीचा निळा उजेड दोघांच्या तोंडावर. दोघं एकाच माशाकडे बघायची, आणि दोघांची दुवा एकमेकांच्या उलट.

त्यात आणखी एक गोष्ट होती, ती घरात सगळ्यांना माहीत होती आणि कोणी बोलत नव्हतं. आपांच्या तपासण्या झाल्या होत्या. त्यांचा गुर्दा, म्हणजे एक किडनी, भाईंना चालणार होता. डॉक्टर तयार होते, आपा तयार होत्या, भाई नाही म्हणत होते. का, ते सांगत नव्हते. विचारलं की टाकीकडे बोट दाखवायचे. "हा हाय ना. पाहू मंग."

मी सांगतेय त्या उन्हाळ्याला आता बरीच वर्षं झाली; तो सुरू झाला तो असा. सकाळी भांडी घासतानाच नळाची तोटी चटका द्यायची. पत्र्याच्या दाराला हात लागला की हात झटकून घ्यावा लागे. आणि वीज जायची. दुपारी, नेमकी. इन्व्हर्टरवर एक तर भाईंच्या दिवाणाजवळचा कूलर चालायचा नाहीतर माशाचं पाणी थंड ठेवणारी मशीन. दोन्ही एकदम नाही. भाई म्हणायचे, मशीन. मग आपा हातपंखा घेऊन त्यांच्या उशाशी बसायच्या. पंखा हलायचा, बांगड्या वाजायच्या, आणि मशीनची घरघर. एकदा आपांचा हात थांबला. त्यांनी मशीनकडे बघितलं, माशाकडे बघितलं, आणि परत पंखा हलवायला लागल्या, आधीपेक्षा जोरात.

शेवटी भाईंमधला कूलरवाला जागा झाला. त्यांनी वर्कशॉपमधून एक छोटी पत्र्याची पेटी करून आणली, तिच्यात पंखा, ती टाकीच्या वर बसवली. कोरड्या हवेने पाणी उडतं आणि उडताना गार होतं, हे त्यांना जन्मापासून ठाऊक. "मानसं गार केले आजवर," ते म्हणाले, "आता मासा." पेटीने काम केलं. पण पाणी भराभर उडायला लागलं. सकाळी काठोकाठ भरलेली टाकी संध्याकाळी खाली गेलेली. पाणी उडतं, मीठ मागे राहतं. झाकणाच्या कडेला, पंख्याच्या जाळीवर, भिंतीवरसुद्धा पांढरं मीठ फुलून यायचं. मी ते फडक्याने पुसायची, दुसऱ्या दिवशी परत यायचं. म्हणून रोज गोडं पाणी घालायचं, जारचं, शुद्ध केलेलं. खारं नाही. हे दुकानदाराने मला इतक्यांदा सांगितलं होतं की माझ्या तोंडून ते आपोआप निघायचं. उडालं ते पाणी, मीठ नाही.

आणि त्याच दिवसांत मासा बदलायला लागला. तो आणला तेव्हा असा नव्हता. काळ्यानिळ्या अंगावर पांढरी वर्तुळं होती, एकात एक, बांगड्या ठेवल्यासारखी. वय झालं की रंग बदलतो, दुकानदाराने बजावलं होतं. पण बदलताना बघणं वेगळं. वर्तुळं आधी मधेच तुटली. मग त्यांच्यातून पिवळ्या रेघा यायला लागल्या, आतून कोणीतरी घासून बाहेर काढल्यासारख्या. काही दिवस तो दोन मासे एकावर एक ठेवल्यासारखा दिसायचा. आणि तोंडावर ती काळी पट्टी चढत गेली. आपा एकदा काचेजवळ आल्या, एरवी यायच्या नाहीत, आणि बराच वेळ बघून म्हणाल्या, "हा तो नोय."

"तोच आहे आपा. मोठा होतोय."

"नाई. ह्याचे डोये झाकून रायले कोनी."

मे महिन्यात भावाचं लग्न होतं. मी गावी गेले. जाताना माशाच्या पाण्याचं भाईंना सांगितलं, आपांना सांगितलं. भाई म्हणाले, "जा वो ताई, बेफिकीर जा. येताना समुद्र पाहून येजा. ठेकेदाराले सांगायले होईन."

म्हणून मी आयुष्यात पहिल्यांदा मुद्दाम समुद्र बघायला गेले. भावजय बरोबर होती, ती हसत होती, एवढी इथलीच असून कसली बघतेस गो? मी वाळूत उभी राहिले. मला वाटलं होतं काहीतरी आपलं वाटेल. काही वाटलं नाही. एवढं पाणी, त्याला काच नाही, झाकण नाही, पुसायला मीठ नाही, आणि त्याला माझी काहीच गरज नाही. मला एकदम अकोल्याच्या त्या टाकीची आठवण आली. मी फोन लावला. आपांनी उचलला. "सब ठीक हाय," त्या म्हणाल्या. "पानी भरलेलं हाय." मग जरा थांबून, "भरपूर भरलेलं हाय."

परत आले तेव्हा उन्हं तशीच. दारात भाईंचे मोठे भाऊ, उस्मानचाचा, बसले होते. ते दर्यापूरकडे गावी शेती करतात. मला बघून उठलेच. "या या कोकनवाले! तुमी नोयत्या त आमी काई मासा मारला नाई बरं! घरचं पानी पाजलं त्याले, घरचं!"

जारवाला आला नव्हता. सगळ्या शहरात पाण्याची ओरड होती, त्याचे जार लग्नघरांनीच उचलले होते. टाकी खाली जात होती. तेव्हा चाचांनी डोकं चालवलं. समुद्रातला मासा, त्याला खारं पाणी लागतं. आणि खारं पाणी आपल्या विहिरीत काठोकाठ आहे. पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना तो खारपाण पट्टा. वर काळीभोर माती आणि खाली विहिरीत असं पाणी की त्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, आणि माणसं पिढ्यान्‌पिढ्या तेच पीत आली. आता तिथे नळ पोचला आहे, पण भाईंच्या लहानपणी तेच होतं. डॉक्टर भाईंच्या आजाराचं नेमकं कारण सांगत नव्हते, रक्तदाबाचं म्हणत होते. भाई म्हणायचे, "माया गुर्द्यात मायं गाव बसलं हाय." त्या गावचं पाणी चाचांनी जीपमध्ये कॅनच्या कॅन भरून आणलं होतं. प्रेमाने. रोज उडालेल्या पाण्याच्या जागी ते ओतत होते. "खाऱ्याले खारं," चाचा म्हणाले. "एका जातीचं."

मी पिशवी दारातच टाकली. टाकीच्या काचेवर आतूनही पांढरट साय होती. मासा दगडाच्या मागे, कोपऱ्यात, एका कुशीवर कललेला. गालफडं भराभर उघडत मिटत होती. पिवळे पट्टे राखेतून काढल्यासारखे. एका डोळ्यावर ढग आला होता. मी नळी पाण्यात सोडली आणि ती इतकी वर तरंगली की मी परत सोडली. मग दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, एकदम बदलू नका बाई, हळूहळू. एकदम बदललं तर तेही त्याला मारेल.

चाचा मागे उभे होते. त्यांचं तोंड पडलं होतं. "म्या त..." ते म्हणाले. "म्या त आपल्या घरचं समजून..."

आपा खुर्चीवर होत्या. मला एकच आठवतं, त्यांच्या मांडीवर तसबीह होती आणि मणी हलत नव्हते.

भाई दवाखान्यातून आले. चप्पल काढायच्या आधी त्यांनी विचारलं नाही. माझ्याकडे बघूनच ते समजले. दिवाणावर न बसता टाकीसमोर जमिनीवर बसले, काचेला हात लावून. चाचांना म्हणाले, "तुमी जेवून घ्या भाईजान." चाचा आत गेले. मी बादलीत पाणी कालवत होते. आणि मग भाई मान न वळवता बोलले.

"नसीम. तुले माहीत होतं. दुकानवाला सांगून रायला होता तवा तू अथीच होती."

"हाव."

"मंग काहून नाई बोलली?"

 मला तिथून उठून जायचं होतं, पण हात कोपरापर्यंत बादलीत होते.

"म्हटलं, हा घेऊन जाईन," आपा म्हणाल्या. "तुमच्यावरची. मी देऊन रायली त तुमी घेत नाई. मंग कोनालेतरी घेऊन जाऊ द्या."

मला वाटलं भाई ओरडतील. ते हसले. कोरड्या घशाचं हसू, खोकल्यासारखं. "आन तुयावर आली त?" ते म्हणाले. "तू एक काढून देशीन. उद्या तुयावर येईन. तवा तुयी कोन घेईन? घरात मासा एकच हाय ना."

तेव्हा मला कळलं ते इतके दिवस नाही का म्हणत होते. आपांनाही तेव्हाच कळलं असावं. त्या उठल्या, भाईंच्या शेजारी जमिनीवर येऊन बसल्या, आणि त्यांनी पहिल्यांदा काचेवर हात ठेवला. दोघांचे हात शेजारी शेजारी, आणि मधे तो ढगाळ डोळा.

त्यानंतरचे दिवस मला एकच मोठी दुपार होऊन आठवतात. थोडं पाणी काढायचं, थोडं घालायचं. नवऱ्याने डाळमिलच्या गाडीतून जार आणले. चाचा गावी गेलेच नाहीत, बादल्या उचलत राहिले, कोणाशी बोलायचे नाहीत. बाहेर लू, उन्हाचा तापलेला वारा, चालायची, दारं आपोआप आपटायची, आणि प्रत्येक वेळी दार आपटलं की आम्ही सगळे टाकीकडे बघायचो. भाईंचे पाय जड होत होते. आपा दोन्हीकडे बघायच्या, एकदा काचेत, एकदा दिवाणावर. आता त्यांना कोणाचं काय व्हावं असं वाटतंय, ते मला वाचता येईना. मला वाटतं त्यांनाही येत नव्हतं. मी मनातल्या मनात आमच्या गावच्या देवीला नवस बोलले. माशासाठी. देवीने आजवर असला नवस ऐकला नसेल.

मृगाचे ढग आले तेव्हा तो खायला लागला. मी चिमट्याला समुद्रशेवाळाचा हिरवा कागद लावून धरला होता, रोजच्यासारखा, आणि तो दगडामागून निघाला, सरळ माझ्या हाताशी आला आणि त्याने कागदाचा लचका तोडला. मी ओरडलेच. आपा स्वयंपाकघरातून धावत आल्या, हाताला पीठ. भाई उठून बसले. "खाल्लं?" "खाल्लं!" भाईंनी वाकून त्याला नीट बघितलं. मग म्हणाले, "खारपान पचवलं यानं." आणि थोड्या वेळाने, आपांकडे न बघता, "डाक्टरले फोन लाव. म्हन, येतो आमी."

त्या हिवाळ्यात नागपूरला ऑपरेशन झालं. भाई बरे झाले. वर्कशॉपमध्ये परत उभे राहायला लागले, पाणी पिताना मान मागे टाकून घटाघट प्यायचे आणि आम्ही बघत राहायचो. कोणाला पाणी पिताना बघून डोळ्यांत पाणी यावं हे मला तेव्हा समजलं. आपाही ठीक होत्या. एका गुर्द्यावर लोक आयुष्य काढतात, डॉक्टरांनी सांगितलं होतं, आणि तेव्हापासूनचे उन्हाळे तसेच गेले. ठेकेदार मोठा झाला. त्याची पट्टी गडद झाली. मी शिकले, घाबरायचं थोडं कमी केलं.

यंदा होळीच्या आधी आपा जिना चढताना थांबल्या. मग पाय सुजून मोजे घट्ट होतात म्हणून मोजे घालेनाशा झाल्या. भाईंनी जबरदस्तीने तपासण्या करायला लावल्या. डॉक्टर म्हणाले, गुर्द्याचा आकडा थोडा चढलाय, रक्तदाबही, घाबरायचं काही नाही, लक्ष ठेवू. घाबरायचं काही नाही हे वाक्य मी फार ऐकलेलं आहे. भाईंनी तर माझ्याहून जास्त. ते घरी आले आणि कितीतरी वर्षांनी दिवाणावर बसून टाकीकडे बघत राहिले. बर्फ नव्हता तोंडात, पण गाल तसाच फुगलेला.

परवा संध्याकाळी ते आपांना सहज विचारावं तसं म्हणाले, "तुयी अम्मी काय म्हने वो, नसीम? घरातल्या कोनाचीबी बला घेते का मासा? का मालकाचीच?"

आपा तांदूळ निवडत होत्या. "अम्मी गेली, तिच्या गोष्टीबी गेल्या," त्या म्हणाल्या. "काहून?"

"काई नाई. आठोन आली."

मी दारात चहा घेऊन उभी होते. भाईंचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. ते ठेकेदाराकडे बघत होते, आणि ते बघणं मला ओळखीचं नव्हतं. इतकी वर्षं ह्या माणसाने त्याच्याकडे आपल्या कोणाकडे बघावं तसं बघितलं. आता ते मोजल्यासारखं बघत होते.

काल सकाळी मी कागद चिमट्याला लावत होते तेव्हा ते मागे येऊन उभे राहिले. "सुलभाताई," ते म्हणाले, "यंदा गावी नाई जाऊन रायल्या का? जा की. चांगलं महिनाभर जा. तिकीट मी काढून देतो, पोरीलेबी न्या. लय राबता तुमी." आवाज मऊ होता. माझ्या खोलीवर छप्पर आहे ते ह्या माणसामुळे, माझी मुलगी शिकते ती ह्या घरामुळे. त्यांनी आजवर माझ्याकडे काही मागितलं नाही. आणि आता मागत होते ते एवढंच, की मी इथे नसावं.

"आणि ह्याचं कोण बघेल?" मी विचारलं.

"पाहू ना आमी. ह्याची फिकीर नोका करू."

मला एवढं लिहिता येत नाही की तेव्हा मनात काय काय आलं ते सगळं मांडावं. आपांचे सुजलेले पाय आले. त्या बऱ्या व्हाव्यात म्हणून मी काय देणार नाही, हेही आलं. मासा गेला आणि त्या बऱ्या झाल्या, तर मीही खीर करून गल्लीभर वाटेन. पण मासा गेला, आणि तरीही आपांचा आकडा चढतच राहिला तर? मग ह्या घरात भाई कोणाकडे बघतील? आपांकडे बघता येईल का त्यांना? उस्मानचाचांनी न कळून पाणी ओतलं होतं, तर ते आजही त्या टाकीसमोर बसत नाहीत, पाठ करून बसतात. हे तर कळून होईल.

"यंदा नाही जमणार, भाई," मी म्हणाले.  "आपांना पुढच्या हफ्त्यात परत दाखवायचंय. मी पण येते बरोबर. गाव कुठे पळून जातंय?"

ते तिथेच उभे राहिले.  बाहेर कोणीतरी कूलरचं गवत उपसत होतं, आपा आतून विचारत होत्या की भाजीत मीठ घातलं आहे की नाही. मी बाही वर केली आणि हात पाण्यात घातला. ठेकेदार आला, त्याने हिरवा कागद ओढला, माझ्या बोटांना त्याचं तोंड लागलं, खरखरीत, थंड. माझ्या पाठीमागून भाई त्याच्याकडे बघत होते. कागद संपला. मी दुसरा लावला, आणि मधून हलले नाही.